डॉक्टर का व्हायचे? सुरुवातीचे कारण आणि टिकणारे कारण

निशिगंध (धागाकर्ती)

वैद्यकीय अभ्यासक्रमाला प्रवेश मागणाऱ्या उमेदवारांच्या मुलाखती घेणाऱ्या मंडळावर मी गेली काही वर्षे आहे. ‘तुम्हाला डॉक्टर का व्हायचे आहे?’ हा तिथला पहिला प्रश्न असतो आणि त्याला मिळणारे उत्तर बहुधा एकच असते : लोकांची सेवा करायची आहे. हे उत्तर देणारी मुले खोटे बोलत नाहीत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. अडचण वेगळीच आहे. रात्रभर जागून रुग्णाची कूस बदलणारी परिचारिका सेवाच करत असते, आणि वस्तीला पिण्याचे शुद्ध पाणी मिळवून देणारा अभियंता कित्येक डॉक्टरांपेक्षा अधिक जीव वाचवतो. मग सेवेसाठी वैद्यकीय पेशाच का, या पुढच्या प्रश्नाशी बहुतेक उमेदवार अडखळतात. त्या पुढच्या प्रश्नावर इथे सविस्तर बोलणे व्हावे, म्हणून हा धागा.

डॉक्टरचे काम इतर सेवाकार्यांहून मला वेगळे वाटते ते अपुऱ्या माहितीवर घ्याव्या लागणाऱ्या निर्णयांमुळे. पोटात दुखते म्हणून एखादा तरुण रात्री येतो. कळ आधी बेंबीभोवती होती, काही तासांनी ती उजवीकडे खाली सरकली, भूक मेली आहे, एकदा उलटी झाली आहे. त्या जागी हळूहळू दाबून हात एकदम सोडला की तो कळवळतो. अपेंडिक्सला सूज आली असावी असे चित्र उभे राहते. पण अंगात ताप फारसा नाही, रक्तातल्या पांढऱ्या पेशी किंचितच वाढलेल्या आहेत आणि सोनोग्राफीत अपेंडिक्स नीट दिसलेलेच नाही. याला घरी पाठवावे, सकाळपर्यंत ठेवून पुन्हा तपासावे, सीटी स्कॅन करावा, की सर्जनला आत्ताच उठवावे? प्रत्येक पर्यायाच्या बाजूने काही ना काही सांगता येते, प्रत्येकात धोका आहे, आणि जो निवडाल त्याच्याखाली सही तुमची असते. हे कोडे सोडवण्याची ज्याला ओढ वाटते, आणि ते कोडे म्हणजे समोर घाबरून पडलेला एक माणूस आहे याचा ज्याला विसर पडत नाही, त्याला हा पेशा मानवतो. यातली एकच बाजू घेऊन आलेली माणसेही मी पाहिली आहेत. नुसत्या कोड्यात रमणारी पुढे रुग्णांना कंटाळतात, आणि नुसता कळवळा असलेली निर्णयांच्या ओझ्याखाली दबून जातात.

सुरुवातीचे कारण उदात्तच असले पाहिजे, असे मात्र मला वाटत नाही आणि इतिहासही तसे सांगत नाही. एलिझाबेथ ब्लॅकवेल या अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री, साल १८४९. शरीराशी संबंधित प्रत्येक गोष्टीचा आपल्याला तिटकारा होता आणि वैद्यकाचे पुस्तक नजरेसमोरही नको वाटे, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. मरणपंथाला लागलेली एक मैत्रीण त्यांना म्हणाली की, उपचार करणारी स्त्री असती तर माझे सर्वांत वाईट हाल टळले असते. तेव्हा हा विचार त्यांच्या मनात प्रथम शिरला. परंतु लग्नापासून आपल्याला दूर ठेवील असे एखादे मोठे काम आपल्याला हवे होते, हेही त्या तितक्याच मोकळेपणाने सांगतात. हिवताप डासांमुळे पसरतो हे दाखवून देणारे रोनाल्ड रॉस यांना तर लेखक व्हायचे होते. वडिलांच्या इच्छेखातर ते १८७४ साली लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात शिकू लागले आणि विद्यार्थिदशेतला बराच काळ त्यांनी संगीतरचना, कविता व नाटके यांत घालवला. १८९४ साली पॅट्रिक मॅन्सन या ज्येष्ठ डॉक्टरांनी रक्तातले हिवतापाचे परजीवी त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले आणि त्यानंतर हा माणूस डासांचे विच्छेदन करण्यात बुडून गेला. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत त्यांना डासाच्या जठराच्या भिंतीत तो परजीवी सापडला, आणि १९०२ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. वैद्यकात पाऊल टाकल्यानंतर वीस वर्षांनी त्यांना आपले खरे कारण भेटले.

म्हणून इथल्या सभासदांना माझे दोन प्रश्न आहेत. आपण या पेशात कशामुळे आलात, आणि आज कशामुळे टिकून आहात? जे आले नाहीत, किंवा येऊन परत फिरले, त्यांचेही म्हणणे मला तितकेच हवे आहे.


अभ्रक

आपल्या मांडणीत रुग्ण कायम समोर आहे, म्हणून थोडी वेगळी बाजू मांडतो. मी पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे शरीरातून काढलेले नमुने तपासून आजार ओळखणारा डॉक्टर, आहे आणि माझे रुग्ण मला सहसा भेटत नाहीत. लहानपणापासून मला एखादी गोष्ट अशीच का घडली याचा माग काढण्याचा छंद होता, आणि दुसऱ्या वर्षी सूज, पेशींचा ऱ्हास, गाठी हे सगळे शिकवले जाऊ लागले तेव्हा आपली जागा सापडली असे वाटले. माणसांची आवड म्हणून मी इथे आलो असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मला कारणांची आवड होती.

पण माझ्या कामात माणूस नाही असेही नाही. ऑपरेशन चालू असताना काढलेल्या गाठीचा तुकडा आमच्याकडे येतो. तो क्षणार्धात गोठवून, पातळ काप घेऊन, रंगवून काचेवर चढवला जातो आणि साधारण वीस मिनिटांत आम्हाला कळवावे लागते की कडेपर्यंत कर्करोगाच्या पेशी पोहोचल्या आहेत की नाहीत. गोठवलेल्या पेशी नेहमीच्या स्लाइडइतक्या सुबक दिसत नाहीत. बर्फाच्या कणांमुळे मध्येच पोकळ्या पडलेल्या असतात. पलीकडे रुग्ण भुलीखाली आहे, सर्जन हात थांबवून उभा आहे आणि माझ्या एका वाक्यावर पुढे किती कापायचे हे ठरणार आहे. त्या वेळी समोर चेहरा नसतो, पण जबाबदारी तसूभरही कमी नसते. त्यामुळे ‘तुला माणसांत मिसळायला आवडत नाही, मग तू कसला डॉक्टर होणार’ असे ज्या मुलामुलींना ऐकवले जाते, त्यांनी लगेच माघार घेऊ नये असे मी आवर्जून सांगेन. वैद्यकात अशा स्वभावालाही मोठी जागा आहे. फक्त तिथपर्यंत पोहोचायला वॉर्डातली काही वर्षे काढावीच लागतात, आणि ती मनापासून काढावी लागतात, कारण रुग्णाची हकिगत समजल्याशिवाय स्लाइडचा अर्थ लागत नाही.


पालवी

माझी मुलगी शाळेच्या शेवटच्या टप्प्यात आहे आणि तिने हाच मार्ग धरायचे ठरवले आहे. कारण विचारले तर ती सरळ सांगते की या कामाला मान आहे, कधी बेकार राहावे लागणार नाही आणि तिला जीवशास्त्र आवडते. हे ऐकून आमच्या एका आप्तांनी तिला, तुझ्यात सेवाभाव नाही, असे सुनावले आणि ती फार दुखावली. मान आणि स्थैर्य यांची इच्छा धरून वैद्यकाकडे जाणे खरोखर इतके गैर आहे का? आणि ती जात आहे ते योग्य कारणासाठी जात आहे, हे आई म्हणून मी कसे ओळखावे?


बिनीचा तारा

पालवी, स्थैर्याची इच्छा बाळगण्यात काहीही गैर नाही. मी सर्जन आहे, आणि घरात पहिल्यांदाच कोणीतरी ठाम पायावर उभे राहावे ही माझ्या येण्यामागची मोठी प्रेरणा होती. त्या प्रेरणेने मला अभ्यासाला बसवले आणि रेसिडेन्सीतल्या, म्हणजे पदवीनंतरच्या प्रशिक्षणातल्या, सलग जागरणांत उभे ठेवले. माझ्या आईवडिलांच्या कष्टांची आठवण हीसुद्धा एक उच्च भावनाच आहे असे मी मानतो.

मर्यादा एवढीच की, मान आणि पैसा यांची भरपाई फार उशिरा होते. शाळेतले मित्र कमावते होतात, संसार मांडतात, आणि त्या वेळी आपण वरिष्ठांच्या मागे राउंडला धावत असतो, केस पेपर लिहीत असतो. सगळे प्रशिक्षण संपून स्वतःच्या नावावर काम सुरू व्हायला दहा-बारा वर्षे सहज जातात. एवढा काळ केवळ शेवटी मिळणाऱ्या गोष्टीकडे डोळे लावून काढता येत नाही. त्या त्या दिवसाच्या कामात काहीतरी आवडावे लागते. मला टाके घालायला आवडायचे. कडा एकमेकींना ताण न पडता नेमक्या भिडल्या, गाठ ना सैल ना घट्ट बसली, की त्यात मला आजही समाधान मिळते. आपल्या मुलीला जीवशास्त्र आवडते, हे तिच्या तीन कारणांतले सर्वांत भक्कम कारण आहे. आप्तांनी नेमके त्याकडे दुर्लक्ष केले.


मोकळे आभाळ

परत फिरलेल्यांचे मत मागितले आहे म्हणून लिहितो. माझे आई आणि वडील दोघेही डॉक्टर. मी दुसरे काही होईन असे घरात कोणाच्या मनातही आले नव्हते, माझ्याही नाही. कोणी जबरदस्ती केली नाही हे मुद्दाम सांगतो, कारण अशा घरांमध्ये जबरदस्ती लागतच नाही. जेवताना जी बोलणी चालतात त्यांतूनच भविष्य ठरत जाते. अभ्यासक्रम मी चांगल्या गुणांनी पूर्ण केला. इंटर्नशिपमध्ये मात्र हळूहळू स्पष्ट झाले की मला समोरच्या एका रुग्णापेक्षा हजार रुग्णांच्या नोंदींत अधिक रस आहे. अमुक आजार याच भागात का वाढला, लस दिल्यावर किती फरक पडला, हे प्रश्न माझी झोप उडवत. आज मी साथरोगशास्त्राच्या क्षेत्रात आकडेवारीचे काम करतो आणि समाधानी आहे.

चार्ल्स डार्विन यांची गोष्ट या संदर्भात मला जवळची वाटते. आजोबा डॉक्टर, वडील डॉक्टर. त्यामुळे १८२५ साली सोळाव्या वर्षी त्यांनाही एडिंबरोला वैद्यक शिकायला पाठवण्यात आले. भूल देण्याची सोय होण्याआधीचा तो काळ. त्यांनी दोन शस्त्रक्रिया पाहिल्या, त्यातली एक लहान मुलावरची होती, आणि त्या संपण्याआधीच ते बाहेर पळाले. पुन्हा ते त्या दालनात गेले नाहीत, आणि १८२७ मध्ये त्यांनी वैद्यकाचे शिक्षण सोडले. हा केवळ भित्रेपणा होता असे कोणी म्हणू शकेल. पण त्याच काळात एडिंबरोत ते समुद्रकाठचे जीव गोळा करत होते, हेही लक्षात घ्यावे. ओढ कुठे होती ते दिसतच होते. डॉक्टरांच्या घरातल्या मुलांना मला इतकेच विचारावेसे वाटते की, तुमचे आईवडील दुसऱ्या व्यवसायात असते तर हा विचार तुमच्या मनात आपणहून आला असता का? उत्तर ‘माहीत नाही’ असे आले, तर प्रवेश घेण्याआधी थोडा काळ थांबण्यात काही बिघडत नाही.


सावली

मी परिचारिका आहे आणि निशिगंध यांनी सुरुवातीलाच परिचारिकेचा उल्लेख आदराने केला, त्याबद्दल मला बरे वाटले. एक मुद्दा मला पुढे न्यायचा आहे. ‘मग परिचारिका का होत नाही?’ हा प्रश्न उमेदवाराला विचारला जातो तेव्हा अनेकदा त्यात एक गृहीत दडलेले असते की परिचारिका म्हणजे कमी शिकलेली डॉक्टर. आमचे काम वेगळे आहे. डॉक्टर राउंडला येऊन बेडपाशी काही मिनिटे थांबतात. आम्ही आठ-बारा तास तिथेच असतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवणे, माकडहाडापाशी कातडी लाल झाली आहे का ते बघणे, बोट दाबून उचलल्यावर तो लालपणा जातो की तसाच राहतो हे तपासणे, सलाइनच्या जागी सूज नाही ना हे चाचपणे, आणि रात्री तीन वाजता त्याला जे विचारावेसे वाटते ते ऐकून घेणे. ज्याला माणसाच्या सोबत राहण्याची ओढ आहे त्याने नर्सिंगचा विचार मनापासून करावा, दुसरा पर्याय म्हणून करू नये.

याच वाटेवरून पुढे गेलेल्या सिसिली सॉन्डर्स यांचे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. त्या मुळात परिचारिका. पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सुटले, तेव्हा त्या रुग्णालयात समाजसेविका झाल्या. १९४८ साली डेव्हिड टास्मा या मरणासन्न रुग्णाशी झालेल्या बोलण्यांतून, मरणाऱ्या माणसांच्या वेदनांसाठी काही केले पाहिजे ही गोष्ट त्यांच्या मनाने घेतली. त्यांच्या ओळखीच्या एका सर्जनने त्यांना सांगितले की मरणाऱ्यांकडे पाठ फिरवतात ते डॉक्टर, तेव्हा काही बदलायचे असेल तर वैद्यकच शीक. म्हणून त्यांनी तिशी उलटल्यावर शिक्षण सुरू केले, १९५७ साली त्या डॉक्टर झाल्या आणि १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस, म्हणजे मरणासन्न रुग्णांची काळजी घेणारे केंद्र, सुरू झाले. वेदनाशामक औषध रुग्णाने कळवळून मागण्याची वाट न पाहता ठरलेल्या वेळी नियमित द्यायचे, ही पद्धत त्यांनी अभ्यासपूर्वक रुजवली. डॉक्टर का व्हायचे याचे इतके नेमके उत्तर मला दुसरे माहीत नाही : जे काम करायचे होते त्यासाठी औषध लिहिण्याचा अधिकार लागत होता, म्हणून.


तिसरा प्रहर

मी विद्यार्थिनी आहे, वॉर्डात जायला लागून फार काळ झालेला नाही. माझ्या धाकट्या भावाला लहानपणी दमा होता. तो उशाशी उशा रचून बसल्या बसल्या झोपायचा आणि त्याच्या छातीतली शिट्टी मला शेजारच्या खोलीत ऐकू यायची. इन्हेलरने काही मिनिटांत तो आवाज विरत जाई, आणि हे कसे घडते ते मला कळलेच पाहिजे असे तेव्हापासून वाटत होते. म्हणून मी आले.

परंतु गेल्या काही महिन्यांत मला एका गोष्टीची भीती वाटू लागली आहे. पहिल्यांदा वॉर्डात मृत्यू पाहिला तेव्हा मी दिवसभर नीट बोलू शकले नव्हते. आता पाळी बदलताना होणाऱ्या हॅन्डओव्हरच्या वेळी कोणाचे निधन झाल्याचे कळते आणि माझे लक्ष लगेच पुढच्या बेडकडे जाते. वरिष्ठांना विचारले तर ते म्हणतात, सवय होते. सवय होणे म्हणजे ज्या कारणाने आले ते कारणच संपणे तर नव्हे ना? हे विचारायला मला दुसरी जागा मिळाली नाही.


निशिगंध

तिसरा प्रहर, हा प्रश्न विचारलात हे फार चांगले केलेत. आपला अनुभव एकटीचा नाही. फिलाडेल्फियाच्या जेफरसन मेडिकल कॉलेजात मोहम्मदरेझा होजत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांची समानुभूती, म्हणजे दुसऱ्याचे दुःख समजून घेण्याची क्षमता, प्रश्नावलीच्या साहाय्याने वर्षागणिक मोजली होती. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार पहिली दोन वर्षे फारसा बदल दिसत नाही, आणि तिसऱ्या वर्षी, म्हणजे तिथे विद्यार्थी रुग्णांमध्ये वावरू लागतात नेमके तेव्हा, ती ठळकपणे घटते. ही मोजणी विद्यार्थ्यांनी स्वतःविषयी दिलेल्या उत्तरांवर आधारलेली होती, त्यामुळे ते प्रत्यक्ष रुग्णाशी कसे वागत होते हे तीवरून ठरवता येत नाही. पण आपण जे सांगत आहात ते या वळणावर अनेकांना जाणवते, एवढे त्यातून निश्चित दिसते.

सवय आणि बधिरपणा यांत मी फरक करते. पुढच्या बेडवरच्या रुग्णाला आपल्या पूर्ण लक्षाची गरज असते, आणि मागच्या बेडवरचे दुःख सोबत वाहून नेले तर ते लक्ष त्याला मिळत नाही. तेवढ्यापुरते मन बाजूला ठेवता येणे हे कौशल्यच आहे. बधिरपणाची खूण दुसरी आहे. क्रिस्टिना मॅस्लॅक आणि सुसान जॅक्सन यांनी १९८१ साली कामातून येणारी हताशा मोजण्याची जी पद्धत मांडली, तीत भावनिक थकव्याबरोबर, समोरच्या माणसाकडे वस्तू म्हणून पाहू लागणे, आणि आपल्या हातून काही घडत नाही असे वाटणे, या बाबी स्वतंत्रपणे धरल्या आहेत. रुग्णाचा उल्लेख आपण नावाऐवजी बेडच्या क्रमांकाने किंवा आजाराने करू लागलो, नातेवाइकांचे प्रश्न हा त्रास वाटू लागला, की सावध व्हावे. मृत्यूची बातमी द्यायची असेल तेव्हा नातेवाइकांना गर्दीतून बाजूला नेणे, त्यांना बसवून स्वतःही बसणे, ‘ते आता राहिले नाहीत’ हे आडवळण न घेता सांगणे आणि मग काही न बोलता थांबणे, एवढे जोवर मनापासून होते आहे, तोवर आपले कारण शाबूत आहे असे समजा.

आणखी एक. डॉक्टरांच्या जागतिक संघटनेने १९४८ साली स्वीकारलेल्या जिनिव्हा प्रतिज्ञेत २०१७ साली एक नवे वचन आले : उत्तम उपचार देता यावेत म्हणून मी स्वतःच्या आरोग्याकडे आणि स्वास्थ्याकडेही लक्ष देईन. हे तिथे यायला जवळजवळ सत्तर वर्षे लागली. आपल्याला झोप पुरेशी मिळते का, मन मोकळे करायला कोणी आहे का, याची विचारपूस ज्या विभागात होत नाही तिथे प्रेरणा कोमेजते, आणि तो दोष विद्यार्थ्याच्या प्रेरणेचा नसतो. याविषयी मी माझ्या सहकाऱ्यांशीही सतत भांडत असते.


स्थिरचित्त

मी भूलतज्ज्ञ आहे. थोडक्यात लिहितो. व्हर्जिनिया अ‍ॅपगार या अमेरिकन डॉक्टरांना सर्जन व्हायचे होते. त्यांच्या विभागप्रमुखांनी त्यांना त्यापासून परावृत्त करून भूलशास्त्राकडे वळवले. १९५२ साली त्यांनी नवजात बाळाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताण, प्रतिक्षिप्त प्रतिसाद आणि रंग या पाच गोष्टींना शून्य ते दोन गुण देण्याची साधी रीत मांडली, जी आज जगभर प्रसूतिगृहांत वापरली जाते. माझेही असेच झाले. शाखा मनासारखी मिळाली नाही, आणि भूल उतरताना रुग्ण स्वतःचा पहिला श्वास घेतो ती पडद्यावरची लहर पाहण्यात माझे मन आपोआप रमले. शाखा निवडण्याआधीच आपली प्रेरणा फार नेमकी ठरवून ठेवू नये, असे मला सुचवायचे आहे.


उत्तरायण

मी दुसऱ्या व्यवसायातून, तिशी ओलांडल्यावर वैद्यकाकडे आले. त्यामागे घरातले एक आजारपण होते. तिसरा प्रहर यांनी भावाविषयी लिहिले ते वाचताना म्हणूनच माझे लक्ष अधिक गुंतले.

घरातल्या आजारपणातून आलेली प्रेरणा अतिशय बळकट असते, पण तिच्यात एक धोका असतो. आपल्या माणसावर आलेला प्रसंग पुन्हा पुन्हा जिंकायचा असतो. मग त्याच आजाराचा प्रत्येक रुग्ण आपल्याला आपलाच माणूस वाटतो, आणि ज्याला तो आजार नाही त्याच्याकडे तितके लक्ष जात नाही. हे दुःख स्वतःपुरते न राहता व्यापक झाले तरच ते पेशाला उपयोगी पडते. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. चौदाव्या वर्षी झालेले त्यांचे मूल दहा दिवसांत दगावले. पण १८८३ साली अमेरिकेला निघण्यापूर्वी बंगालमधल्या श्रीरामपूर येथे जाहीर भाषणात त्यांनी जे कारण लोकांपुढे ठेवले ते देशातल्या स्त्रियांना स्त्री डॉक्टरांची किती निकड आहे, हे होते. १८८६ साली फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी पदवी घेतली, आणि प्रबंधाचा विषय निवडला तो प्रसूतिशास्त्राचा. एका बाळाचे जाणे, मग सगळ्या स्त्रियांची गरज, आणि मग अभ्यासाचा एक निश्चित विषय. एवढा प्रवास पुरा केलेली ही मुलगी वयाच्या एकविसाव्या वर्षी क्षयाने गेली, याचे मला आजही वाईट वाटते.

मुलाखतीत घरातले आजारपण सांगावे का, असे अनेक जण विचारतात. जरूर सांगावे. मात्र त्या प्रसंगानंतर आपण काय वाचले, कोणाला भेटलो, काय करून पाहिले, हे सांगण्यात अधिक वेळ द्यावा. प्रसंग आपल्या वाट्याला आलेला असतो. पुढचे आपण केलेले असते.


पालवी

सगळ्यांचे प्रतिसाद मी मुलीला वाचून दाखवले. बिनीचा तारा यांचा प्रतिसाद तिने दोनदा वाचायला लावला. आता तिचा स्वतःचा प्रश्न आहे : प्रत्यक्ष शिकायला लागण्याआधी हे काम आपल्याला आवडेल की नाही, हे पडताळून पाहण्याचा काही मार्ग आहे का?


निशिगंध

आहे, आणि तो फारसा अवघडही नाही. तिने नाट्यमय गोष्टी पाहायला जाऊ नये. ऑपरेशन थिएटरमध्ये एक दिवस उभे राहून अंगावर काटा येतो, पण त्यावरून काहीच कळत नाही. त्याऐवजी एखाद्या सामान्य डॉक्टरच्या ओपीडीत, त्यांची आणि रुग्णांची परवानगी घेऊन, कोपऱ्यात बसून सकाळ काढावी. सर्दी, सांधेदुखी, रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या म्हणून आलेली माणसे, निम्म्या वेळेत भरायचे कागद, आणि तेच तेच प्रश्न. उठून दाराशी पोहोचल्यावर, ‘जाता जाता एक विचारायचे होते’ असे म्हणत रुग्ण जी तक्रार सांगतो, अनेकदा तीच खरी तक्रार असते. ती तिच्या लक्षात येते का, आणि लक्षात आल्यावर पुढे काय झाले हे जाणून घ्यावेसे वाटते का, हे तिने स्वतःशी तपासावे. असे एकदाच न करता वेगवेगळ्या डॉक्टरांकडे काही वेळा करावे, म्हणजे माणसाचा प्रभाव कोणता आणि कामाचा कोणता ते वेगळे करता येते.

याच्या जोडीला वृद्धाश्रमात किंवा अपंग मुलांच्या संस्थेत नियमित जाऊन काहीतरी साधे काम अंगावर घ्यावे. भरवणे, चालायला हात देणे, वाचून दाखवणे. शरीराचे वास, स्राव, हळूहळू होणारी किंवा कधीच न होणारी सुधारणा यांच्यासोबत आपल्याला राहता येते का, याचे उत्तर तिथे मिळते, आणि ते कोणत्याही मुलाखतीपेक्षा खरे असते. सावली यांच्यासारख्या परिचारिकेशी आणि फिजिओथेरपिस्टशीही तिने बोलावे, कारण तिला नेमके कोणते काम हवे आहे याचा उलगडा त्या बोलण्यांतून होण्याची शक्यता अधिक असते.

डॉक्टरांना भेटेल तेव्हा तिने त्यांना ‘तुम्ही डॉक्टर का झालात’ हे विचारू नये. त्याचे उत्तर आम्हा सगळ्यांकडे तयार असते. मागच्या आठवड्यातला एखादा साधा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत सांगा, असे म्हणावे. आणि अभ्यासाचे म्हणाल, तर शरीररचनेच्या किंवा शरीरक्रियेच्या एखाद्या पाठ्यपुस्तकातले मूत्रपिंडाचे प्रकरण मिळवून सावकाश वाचावे. ते प्रकरण किचकट आहे. शेवटपर्यंत पोहोचल्यावर तिला पुढचे प्रकरण उघडावेसे वाटले, तर तिने मान आणि स्थैर्य या आपल्या दोन कारणांची लाज बाळगू नये. आणि हे सगळे करून तिचे मत बदलले, तरी ते प्रवेशाआधी बदलले याचा आपण दोघींनीही आनंदच मानावा. वृद्धाश्रमातले काम सुरू झाले की कसे वाटते ते तिला इथेच लिहायला सांगा; मी वाट पाहते.